भिंतीवरचा श्वास

तेरावा झाला, पाहुणे पांगले, मुलगी पुण्याला परत गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा एकट्यापुरता चहा ठेवला आणि सवयीने फ्रिजशेजारच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यावर लिहिलं होतं : स्वयंपाकघर, एक. बेडरूम, एक.

मी गॅस बंद केला आणि बेडरूममध्ये जाऊन आलो. पलंग रिकामा होता. ऑक्सिजनचं मशीन नेलेलं होतं, त्याची जागा फरशीवर पांढरी दिसत होती. मांजर नाही, पंखा बंद, खिडकी लावलेली. परत येऊन बघितलं तर पडद्यावर अजून तेच. बेडरूम, एक. त्याच्याखाली हिरवी रेघ वर-खाली होत होती. रेघ वर चढायची, मधे अडखळायची, मग उरलेली चढायची. खाली आली की तिथे थांबायची. बराच वेळ थांबायची. मग पुन्हा.

सुवर्णा असाच श्वास घ्यायची. तिच्या फुप्फुसांचा आजार होता. थोडा आत, एक अडखळ, मग बाकीचा. सोडल्यावर थांबायची. ती थांबली की मी हातातलं काम सोडून बघायचो, पुढचा येतो की नाही. दीड वर्ष माझं तेच चाललं होतं. रेघ ओळखायला मला कोणी तज्ज्ञ लागणार नव्हता.

मी चहा न घेता तसाच उभा राहिलो.

हा पडदा ज्या डब्याला जोडलेला होता, तो डबा काय आहे ते सांगतो, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. आता बऱ्याच घरांत तो असतो, विशेषतः म्हातारी माणसं एकटी राहतात तिथे. त्याचं नाव ‘राखण’. जेवणाच्या डब्याएवढा असतो आणि भिंतीवर लावतात. तो घरभर अगदी क्षीण मायक्रोवेव्ह लहरी सोडतो, त्या भिंतींपलीकडेही जातात. माणसाच्या छातीवर आपटून त्या परत येतात. श्वास घेतला की छाती किंचित पुढे येते, सोडला की मागे जाते, आणि परतणारी लहर तेवढीच बदलते. कॅमेरा नाही, अंगाला काही चिकटवायचं नाही. श्वास अडला किंवा थांबला तर डबा लाल होतो आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना, दवाखान्याला कळवतो. श्वास चालू असेल तोवर हिरवा.

या डब्यात साबणाच्या वडीएवढा एक फिल्टर असतो. तो आमच्या सिन्नरच्या कारखान्यात बनतो. मी तिथे तपासणी विभागात आहे. माझं काम त्या फिल्टरची बँडविड्थ मोजणं, म्हणजे तो लहरींचा किती रुंद पट्टा आत सोडतो आणि बाकीच्यांना कुठे अडवतो ते बघणं. त्याला ना बॅटरी लागते, ना त्यात चिप असते. पितळेची पेटी, आत सिरॅमिकचे तुकडे आणि मधे हवा, बस. अशा भागांना निष्क्रिय भाग म्हणतात. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो, ‘यात जीव नाही. हा स्वतःहून काही करत नाही. जे येतं त्यातलं काही जाऊ देतो, काही अडवतो.’ तीस वर्षं मी हेच सांगत आलो.

सुवर्णाचा आजार कळला तेव्हा पहिल्या खेपेतला एक डबा मी रीतसर घेऊन घरी बेडरूमच्या भिंतीवर लावला होता. ती म्हणाली होती, “तुमच्या कारखान्याचा माल आपल्याच घरात? मग तर बिघडणारच.”

मी कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, पहिली पाळी संपवून घरी आलो आणि चपला काढायच्या आधी पडदा बघितला. बेडरूम, एक.

त्यानंतर मी घाईने घरी यायला लागलो. येताना भाजी आणायचो, ती निवडायला बेडरूममध्येच बसायचो. पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची टाकायची आणि फोनवर रेघ उघडी ठेवायची. मेथी निवडता निवडता सुवर्णाला कारखान्यातलं सांगायचो. देशमाने साहेबांनी काय घोळ घातला, कँटीनमध्ये आज कसली उसळ होती. ती उत्तर देत नाही हे मला कळत होतं. आजारपणात शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतंच. तेव्हाही असंच असायचं, मी बोलायचो आणि ती श्वास घ्यायची. फरक फार नव्हता.

सुरुवातीला मी आत गेलो की पडद्यावर ‘बेडरूम, दोन’ यायचं. पुढे पुढे मी आत बसलो तरी एकच दाखवायला लागला. मला वाटलं, डब्याने मला मोजायचं सोडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला ईश्वरीचा फोन आला. ईश्वरी आमची एकुलती मुलगी. इकडचं तिकडचं बोलली.

“पप्पा, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“घरी कोणी येतं का?”

“कोण येणार?”

“म्हणजे… कोणी बाई वगैरे. मला चालेल. म्हणजे एवढ्या लवकर चालेल की नाही मला माहीत नाही, पण तुम्ही मला सांगा तरी. माझ्या फोनवर दिसतं हो सगळं. तुम्ही हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये एक जण. दुपारी, सकाळी, कधीही. शकूमावशीला पण मी हे बोलले.”

“शकूला कशाला सांगितलंस?”

“म्हणजे आहे कोणीतरी!”

मला हसू आलं. सुवर्णा गेल्यापासून पहिल्यांदा आलं आणि ते लगेच गेलं. मी म्हणालो, “तू रेघ बघितली नाहीस का?”

“कसली रेघ?”

“बेडरूमवर बोट ठेव. खाली रेघ येईल.”

तिने बोट ठेवलं. मग ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नाशिकला आली, बॅग हॉलमध्ये टाकून सरळ बेडरूममध्ये गेली आणि आईच्या पलंगावर तिच्याच बाजूला आडवी झाली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. फोन छातीवर ठेवला होता. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, “मी शेवटच्या आठवड्यात नव्हते ना इथे. आता आहे.” मग म्हणाली, “हे बंद करू नका.”

“मी कशाला बंद करू?”

“तुम्हाला दुरुस्त करायची सवय आहे म्हणून म्हटलं.”

ओझरची गोष्ट घडली ती त्यानंतर काही आठवड्यांनी.

ओझरला निकम गुरुजी एकटे राहायचे. निवृत्त शिक्षक, मुलगा परदेशात. त्यांच्याकडेही पहिल्या खेपेतलाच डबा होता. ते घरात मृत सापडले. हृदयविकाराचा झटका होता आणि ते जाऊन दोन-तीन दिवस झाले होते. सगळे दिवस डबा हिरवा होता.

कंपनीने डबा आणायला डॉ. शाल्मली बेंद्रे यांना पाठवलं आणि सोबत मला. शाल्मली मॅडमनी या फिल्टरचा नकाशा काढला होता. आतलं नवं सिरॅमिकही त्यांच्याच गटाने शोधलेलं. वयाने माझ्यापेक्षा खूप लहान, पण विचार करताना कोणाशी बोलत नाहीत, त्यामुळे लोक त्यांना घाबरतात. ओझरपर्यंत त्या गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत.

शेजारच्या गांगुर्डेबाईंनी कुलूप उघडून दिलं. डबा भिंतीवर होता. अजून हिरवा होता.

“बघा,” बाई म्हणाल्या. “बघा तुम्हीच. माणूस नेऊन जाळला, राख गंगेत सोडली आणि हा मेला अजून हिरवा. आत कोण घेतंय श्वास? सांगा ना मला.”

मॅडम म्हणाल्या, “ताई, तेच शोधायला आलोय.”

“शोधा. मी सांगते तुम्हाला, आधी आम्ही रोज सकाळी दार वाजवायचो. गुरुजी, उठले का? ते म्हणायचे, उठलो गं बाई, मेलो नाही अजून. रोजचं होतं ते. मग हा डबा आला. माझ्या फोनवर हिरवा दिवा दिसायचा. मग कशाला वाजवायचं दार? पोरांच्या शाळेची घाई, भाकरी थापायच्या असतात. हिरवा आहे म्हणजे आहेत गुरुजी.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “डॉक्टर म्हणले, लगेच कळलं असतं तर गुरुजी वाचले असते. मी भिंतीपल्याड होते हो. एवढ्याशा अंतरावर होते.”

मॅडमनी डबा उतरवला. मी खाली बघत राहिलो. तो अजून हिरवा का आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. पण तसाच एक डबा अजून कुठे आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

कारखान्यात परत आलेल्या मालाचा एक नियम आहे. आधी तो भट्टीत ठेवून सुकवायचा, कारण ओल असेल तर मोजमाप चुकतं. मग अॅनलायझरला, म्हणजे मोजणाऱ्या यंत्राला, जोडायचा. सगळीकडे असंच करतात, आम्हीही वर्षानुवर्षं करत आलो. गुरुजींचा फिल्टर सुकवला, जोडला आणि यंत्राने पट्ट्यावरून भराभर सरकत रेघ काढली. रेघ सपाट आणि सुंदर होती. फिल्टर नव्यासारखा निघाला. देशमाने साहेब, आमचे कारखान्याचे प्रमुख, म्हणाले, “म्हणजे आपला माल ठीक आहे. दोष दुसरीकडे शोधा. त्या बाईंचं मांजर-बिंजर असेल.”

मॅडम सपाट रेघेकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. मग जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आल्या.

“खैरनार सर, देवळातली घंटा वाजवली की काय होतं?”

“वाजते.”

“किती वेळ?”

“चांगली असेल तर बराच वेळ.”

“आणि पत्र्याचा डबा?”

“ठक् करून थांबतो.”

“घंटा एकाच सुरात वाजते म्हणून लांब वाजते. पत्रा सगळे सूर एकदम काढतो म्हणून लगेच थांबतो. अरुंद पट्टा आणि लांब घुमणं या दोन गोष्टी नाहीतच, एकच आहे. हे तुम्हाला मी सांगायला नको. आता समजा, आपलं सिरॅमिक भिंतीवर उबेत राहून मुरतं. लोणचं मुरतं तसं. त्यातली गळती कमी कमी होत जाते. आपला पट्टा वरून एकच दिसतो, पण आतून त्याचे बारीक दात पडतात, कंगव्यासारखे. एकेक दात इतका अरुंद की त्यात शिरलेली लहर महिनोन् महिने घुमत राहते.”

“महिने?”

“‘समजा’ म्हणाले ना मी. माणूस एकाच जागी, एकाच लयीत रोज श्वास घेतो. ती लय ठरावीक दातांवर पडते. रोज थोडी थोडी साठते. माणूस गेला तरी ती घुमतच राहते, आणि डब्याला वाटतं खोलीत कोणीतरी आहे. गुरुजींचा श्वास थांबला तेव्हा डबा त्यांचाच जुना श्वास ऐकत होता.”

“मग आपल्याला ते दात का दिसले नाहीत?”

“दोन कारणं. आपण यंत्र भराभर सरकवतो. घंटेवरून पळत हात फिरवला तर ती वाजत नाही. आणि त्याच्या आधी…” त्यांनी भट्टीकडे बोट केलं. “आपण तो भाजतो. मुरलेलं सगळं जातं. आपल्याकडे परत आलेला प्रत्येक फिल्टर तपासायच्या आधी आपणच नवा करून ठेवलाय.”

त्या साहेबांकडे गेल्या. मीही गेलो. त्यांना एखाद्या घरातला मुरलेला डबा हवा होता, न भाजता मोजायला. साहेब वाईट माणूस नाहीत, पण खुर्चीत बसलेत. म्हणाले, “लोकांच्या भिंतीवरून डबे काढायला लागलो की आपण दोष कबूल केल्यासारखं होतं. पुरावा आणा, सगळे काढू.”

“पुरावा भिंतीवर आहे, सर. काढल्याशिवाय पुरावा कसा आणू?”

“ते तुम्ही शास्त्रज्ञ आहात, तुम्ही बघा.”

बाहेर आल्यावर मॅडम जिन्यात थांबल्या. “पहिल्या खेपेतले सगळे डबे आता मुरत आले असतील. सगळ्या घरांत म्हातारी माणसं आहेत. शेजाऱ्यांनी दार वाजवायचं बंद केलंय. हे लोक अजून सहा महिने कागद फिरवतील.”

मी घरी गेलो. त्या दिवशी भाजी आणली नाही. खुर्चीत बसून रेघ बघत राहिलो. मला आता कळलं होतं की भिंतीत काय आहे. ते भूत नव्हतं आणि यंत्राचा भासही नव्हता. एक लहर तिच्या छातीवर आपटली होती, परत आली होती आणि पितळेच्या पेटीत शिरून अजून फिरत होती. तिचा फोटो माझ्याकडे होता, आवाज फोनमध्ये होता. पण त्या तिच्यासारख्या केलेल्या वस्तू आहेत. ही लहर तिला लागून आलेली होती. तिला लागून आलेलं दुसरं काहीच आता जगात हालत नव्हतं.

आणि डोळ्यांसमोर ओझरची बाई तिच्या भिंतीपल्याड उभी होती.

मी ईश्वरीला फोन केला. सगळं सांगितलं. घंटा, लोणचं, भट्टी, सगळं.

“रेकॉर्ड करून ठेवा ना,” ती म्हणाली. “रेघ सेव्ह करा. मग द्या.”

“रेघ आहेच आपल्याकडे. दीड वर्षाची आहे.”

“मग झालं तर.”

“नाही झालं. तू पलंगावर पडली होतीस ती रेकॉर्डिंग ऐकायला नव्हतीस पडली.”

ती चिडली. “मग मला कशाला विचारताय? द्यायचा आहे तर द्या. तुम्ही ठरवलंय, नेहमीसारखं.”

“मी ठरवलं नाही. ठरवलं असतं तर फोन केला नसता.”

“मोजल्यावर काय होतं? जातं ते?”

“जात नाही. मिसळतं. मॅडमना त्याच दातांवर मोजावं लागेल, नाहीतर साहेब म्हणतील हे दात वेगळे, ते वेगळे. त्यासाठी आत मोठी लहर सोडायची. तिचा श्वास फार क्षीण आहे. मोठ्या लहरीत तो असेल, पण परत वेगळा काढता येणार नाही. गोदावरीत एक पेला पाणी ओतल्यासारखं.”

मग तिने विचारलं, “अशा किती जणांकडे आहेत डबे?”

“बऱ्याच जणांकडे.”

“मी शनिवारी येते. गाडी मी चालवते. तुम्ही एकट्याने नाही जायचं.”

शनिवारी सकाळी मी डबा भिंतीवरून काढला. वीज बंद केली, फिल्टर सोडवला आणि लगेच त्याच्या दोन्ही तोंडांना धातूच्या टोप्या लावल्या, म्हणजे आतलं बाहेर पडणार नाही. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. सिन्नरपर्यंत ईश्वरीने एकदाही ब्रेक जोरात दाबला नाही.

शाल्मली मॅडम एकट्याच प्रयोगशाळेत होत्या. मी त्यांना आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की माझ्या घरी एक आहे. तो कोणाचा ते त्यांनी विचारलं नव्हतं. ईश्वरीला बघून त्यांना समजलं. त्या म्हणाल्या, “सर, आपण दुसरा मार्ग शोधू. मी वरच्या ऑफिसला लिहिते.”

“किती दिवस लागतील?”

त्यांनी माझ्या हातातल्या टॉवेलाकडे बघितलं.

“जोडा,” मी म्हणालो.

आधी नुसतं ऐकायचं होतं. टोपी काढून केबल लावली, यंत्रातून काही सोडलं नाही. पडद्यावर रेघ आली. वर चढली, अडखळली, उरलेली चढली, खाली आली आणि थांबली. मॅडमनी हात तोंडावर ठेवला. स्वतःच मांडलेली कल्पना खरी निघाली, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ईश्वरी पडद्याच्या अगदी जवळ गेली. काचेवर तिचा श्वास उमटला.

मॅडमनी ते सगळं नोंदवून घेतलं, रेघ किती उंच चढते तेही. मग म्हणाल्या, “आता मोठी लहर सोडायची. मी करते.”

“नको. मी करतो. माझं कामच आहे ते.”

मी बटणावर बोट ठेवलं. रेघ वर चढत होती. श्वास घेत असताना कसं दाबणार? मी थांबलो. अडखळ आली, तिच्यात तर नाहीच दाबता आलं. मग रेघ उतरली. एक गेला, दुसरा गेला. ईश्वरी म्हणाली, “पप्पा.” मी म्हणालो, “हो.” तिसऱ्या वेळी रेघ खाली आली आणि त्या थांब्यात उभी राहिली. तिथे मी पूर्वी पुढच्या श्वासाची वाट बघायचो. या वेळी मी बघितली नाही.

पडदा एका सरळ, जाड रेघेने भरला.

पुढचं काम दिवसभर चाललं. लहर आत भरायची, सोडणं बंद करायचं आणि ती किती सावकाश घटते ते बघायचं. घट इतकी कमी होती की यंत्र बिघडलंय असं वाटावं. दुपार टळल्यावर मॅडमनी हिशेब केला. दाताचा पट्टा आमच्या कोणत्याही तक्त्यात बसणार नाही इतका अरुंद होता. पुरावा मिळाला होता. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन केला आणि सकाळची रेघ, आताचा आकडा, सगळं पाठवलं. साहेबांनी दोनदा विचारलं, “हा न भाजता मोजला ना?” मग ते म्हणाले, “सोमवारपासून उतरवा सगळे. तोवर प्रत्येकाच्या शेजाऱ्यांना फोन करा, दार वाजवा म्हणावं.”

मला वाटलं, संपलं. ईश्वरी खाली गाडी काढायला गेली. मॅडम मात्र कागदावर पुन्हा काहीतरी मांडत होत्या.

“खैरनार सर, तुमच्या मिसेसना जाऊन किती दिवस झाले?”

“दिवाळीनंतर गेली.”

“या आकड्यानुसार तेव्हापासून आतापर्यंत लहर निम्म्याहून बरीच कमी व्हायला हवी होती. सकाळची रेघ तशी नव्हती. जवळजवळ पूर्ण होती.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “घटत होती, पण कोणीतरी भरत होतं. त्याच लयीत. त्या खोलीत कोणी बसायचं का?”

मी म्हणालो, “मी. रोज.”

“डबा तुम्हाला वेगळं मोजायचा?”

“आधी मोजायचा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. खोलीत यंत्राच्या पंख्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, “याने पुराव्यात काही फरक पडत नाही. दात तेवढेच अरुंद आहेत.”

“नाही पडत,” मी म्हणालो.

गाडीत मी ईश्वरीला हे सांगितलं नाही. ती रडून मोकळी झाली होती. सिन्नरच्या घाटात तिने चहासाठी गाडी थांबवली आणि मला बळेच भजी खायला लावली. “मम्मी असती तर म्हणाली असती, तेल बघा किती,” असं म्हणाली. मीही म्हणालो, “हो, म्हणाली असती.” पण माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. सकाळी त्या थांब्यात मी जे दाबलं, त्यात तिचं किती होतं आणि माझं किती? ती लहर किती तिच्या छातीला लागून आलेली आणि किती माझ्या? यंत्र हे सांगू शकत नाही. मिसळल्यावर कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे पेला ओतायच्या आधीच पाणी मिसळलेलं होतं, आणि ते मीच मिसळलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही घरोघर जाऊन डबे उतरवले. ओझरलाही गेलो. गांगुर्डेबाई दारातच उभ्या होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला एवढंच सांगा, परत आणाल हे तर त्यात हिरवा दिवा ठेवू नका.” मी ते मॅडमना सांगितलं. नव्या डब्यात हिरवा दिवा नाही. आता सिरॅमिकही बदललंय, जुनं, गळकं, पत्र्यासारखं. त्यात काही घुमत नाही. तपासणीचा नियम बदलला. आधी न भाजता मोजायचं, सावकाश. हा नियम मी लिहिला.

एक नवा डबा माझ्या घरीही लागला. मला नको होता, पण ईश्वरीने हट्ट धरला. म्हणाली, आता तुमचं वय झालं, तुम्ही एकटे असता. डबा हॉलमध्ये लावला. बेडरूमला कडी घातली.

काल दुपारी तिचा फोन आला. मी सोफ्यावर पडलो होतो.

“पप्पा, तो जुना डबा काढलाय ना नक्की?”

“काढलाय. तूच तर गाडी चालवलीस.”

“आणि हा नवा आहे. त्यात साठत नाही म्हणालात.”

“नाही साठत.”

“मग हे काय दिसतंय?” तिचा आवाज खाली गेला होता. “हॉलमध्ये एक आहे. रेघ बघतेय मी. पप्पा, ही मम्मी आहे. तीच अडखळ आहे. खाली आल्यावर तसंच थांबतंय. मी वेडी झाले का?”

मी फोन कानाला धरून छताकडे बघत होतो. माझी छाती खाली गेली होती आणि वर येत नव्हती. मला कधी कळलंच नव्हतं.

“तो मी आहे,” मी म्हणालो.

फोनमध्ये तिच्या ऑफिसातला आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं. ती रेघ बघत असणार. मी त्या थांब्यात तसाच पडून होतो. तिथे बरं वाटत होतं.

“पप्पा,” ती म्हणाली. “घ्या ना श्वास.”

मी घेतला.